पप्पांच्या ओठावरचा जर

मुलगी झाली की बर्फी आणि मुलगा झाला की पेढे, असं काहीतरी लोक पाळतात. माझ्या वडिलांनी माझ्या मुलीसाठी पेढे आणले, आणि तेही इतके की दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून त्यांना ओळख ना पाळख अशा माणसांना ते वाटावे लागले. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस. आवाज असा, की वरच्या मजल्यावर खाटेवर पडल्या पडल्या मला सगळं ऐकू येत होतं.

"घ्या, घ्या! नात झाली मला! आवं पुढं सरका, मागच्यास्नी बी घिऊ द्या!"

मला हसू आलं, टाके ओढले गेले म्हणून कळवळले, आणि तरी परत हसले.

मी त्यांची एकुलती एक. लग्न उशिरा केलं, मूल त्याहून उशिरा झालं. मी आणि माझा नवरा दोघंही हिंजवडीत नोकरीला, राहायला नेऱ्याला. नवरा लातूरकडचा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे पौडला करायचं हे आईनं माझ्या लग्नातच जाहीर करून टाकलं होतं, त्यामुळे त्यावर चर्चा झालीच नाही. पप्पा तर सातव्या महिन्यापासूनच तयारीला लागले होते. घराला रंग दिला, छताला पाळण्यासाठी कडी ठोकली, आणि ती कडी बाळाचं वजन पेलते का हे पाहायला तिला गव्हाचं पोतं टांगलं. पोतं दोन दिवस तिथंच लोंबकळत होतं. येणारा-जाणारा विचारायचा, आणि पप्पा सांगायचे, "ट्रायल चालू हाय."

दवाखान्यात पप्पांनी तिला हातात घेतलं तेव्हा आधी दोन्ही हात शर्टाला पुसले. मग कुणी काही बोलायच्या आत तिच्या कपाळाला ओठ टेकवले. नर्स ओरडली, "बाबा, लहान आहे ती!" पप्पांनी लगेच बाळ आईकडे दिलं आणि चोरी पकडल्यासारखे बाहेर निघून गेले. पण दारातून जाताना मी त्यांचा चेहरा पाहिला. तसा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधीच पाहिला नव्हता, माझ्या लग्नात सुद्धा.

घरी आलो त्या सकाळी आईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि मला बाळासकट आत घेतलं. पप्पा मात्र अंगणातच उभे. तोंडाला रुमाल बांधलेला, घाटात धुरळा उडाल्यावर बांधावा तसा.

"पप्पा, हे काय?"

"काय न्हाई. जर फुटलाय."

त्यांनी रुमाल खाली केला. खालच्या ओठाच्या कडेला बारीक फोडांचा घोस होता, पाण्यानं भरलेला, भोवती लाल. मला त्यात नवल वाटलं नाही. माझ्या लहानपणी जत्रेच्या जादा गाड्या सुटायच्या, पप्पा चार-चार दिवस धड झोपायचे नाहीत, आणि घरी आले की ओठाला जर ठरलेला. आई तूप लावायची, कुणी चुना लाव म्हणायचं. आठवड्यात खपली धरायची. त्याला आम्ही कधी रोग म्हटलंच नाही. या वेळीही धावपळ झाली होती, जागरण झालं होतं, झालं.

पण पप्पांना कुठंतरी धास्ती वाटली होती. "कोवळं लेकरू हाय," ते म्हणाले. "माझा जर वाळू दे. तवर मी हितंच बरा."

माझ्या नवऱ्यानं फोन काढला. त्याला प्रत्येक गोष्ट फोनवर शोधायची सवय आहे, आणि सापडलेलं मोठ्यानं वाचायची त्याहून वाईट सवय आहे. "याला हर्पिस म्हणतात," तो म्हणाला. आणि पुढचं मनातच वाचायला लागला. मी पाहिलं तर त्याचे कान लाल झाले होते. पहिल्याच पानावर गुप्तरोगाची माहिती होती. त्याखाली कुणीतरी हर्पिस म्हणजे नागीण असं लिहून ठेवलं होतं. त्याखाली नवजात बाळांना यापासून कसा मोठा धोका असतो ते.

पप्पांनी तो शब्द ऐकला होता. "काय म्हणला? हर्पिस?"

"पप्पा, तो वेगळा, हा वेगळा. म्हणजे नात्यातलेच आहेत, पण..." नवरा चाचरला.

"स्टँडच्या मुतारीच्या भिताडावर जाहिराती असत्यात, त्यातला ना त्यो?" पप्पा म्हणाले. "वाचलाय की मी. ढिगानं वाचलाय."

 पप्पांनी रुमाल परत वर केला आणि मागच्या दारी निघून गेले. ज्या माणसानं जिन्यात अख्ख्या जगाला पेढे वाटले, तो त्या दिवशी मागच्या खोलीत जाऊन बसला आणि नात रडली की फक्त विचारायचा, "का गं रडतीया? भूक लागली का?" दारातून, तेही लांबून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहाची भांडी गोळा करत होती आणि एकदम थांबली. मी बाळाला पाजत बसले होते. मागच्या खोलीच्या खिडकीत एक कपबशी पालथी घातलेली होती. शेजारी एक ताट, एक वाटी, एक पेला. सगळं घासून लख्ख. पप्पांनी स्वतः धुऊन ठेवलं होतं. स्वतःसाठी, वेगळं.

आईच्या हातातलं भांडं खाली आपटलं.

"ही कपबशी कुणी ठिवली हितं?"

"मी ठिवलीया," पप्पा म्हणाले. "माझी हाय ती. दुसऱ्या कुणी घिऊ नगा."

"माझ्या घरात?" आईचा आवाज चिरकला. "माझ्या घरात कपबशी येगळी?"

हे इतर घरांत कदाचित कुणाला लागलं नसतं. आजाऱ्याचं ताट बाजूला ठेवलं, त्यात काय एवढं. पण आम्ही बौद्ध. पप्पा लहान होते तेव्हा त्यांच्या गावी, कोळवणला, चहाच्या दुकानात आमच्या माणसांची कपबशी भिंतीच्या कोनाड्यात असायची. आपली आपण काढायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपली आपण धुवायची आणि परत कोनाड्यात पालथी घालायची. पप्पा सांगायचे, की कळायला लागल्यावर एक दिवस त्यांनी ती कपबशी चहा पिऊन झाल्यावर दुकानाच्या पायरीवर आपटून फोडली आणि कोळवणच्या ओढ्यापर्यंत पळत सुटले. पळताना त्यांना हसूही येत होतं आणि रडूही. आईचीही तीच कथा, फक्त तिच्या वडिलांनी फोडली नाही, आयुष्यभर धुतली. म्हणून लग्नानंतर आईनं पहिली खरेदी केली ती कपबश्यांची, सगळ्या एका नक्षीच्या, एका रंगाच्या. आमच्याकडे कुणाचा म्हणून कप नाही. तलाठी आला तरी त्यातलाच कप, रस्त्याचं काम करणारा आला तरी त्यातलाच.

आणि आता पप्पांनीच त्यातली एक उचलून खिडकीत घातली होती.

"आवं, तुमाला काय वाटतंय का?" आईच्या डोळ्यात पाणी आलं होतं. "तुमच्या हातनं?"

"माझ्यासाठी न्हाई," पप्पा म्हणाले. "तिच्यासाठी. माझ्या उष्ट्यानं तिला काय झालं तर?"

"तर मी समदं उकळते! कप उकळते, ताटं उकळते, घर उकळते! जंतू जित्ता ऱ्हातोय का बघते. पर कपबशी मांडणीवर जाणार."

त्या दिवशी आमच्या घरात जे सुरू झालं त्याला धुणं-भांडी म्हणणं म्हणजे पुराला पाऊस म्हणण्यासारखं आहे. अंगणात चूल पेटली. मोठ्या पातेल्यात कप, पेले, चमचे खदखदायला लागले. टॉवेल उकळले, त्यात नवऱ्याचा निळा टॉवेल होता म्हणून बाकीचे सगळे आभाळी रंगाचे झाले. आत्यानं पाठवलेला प्लॅस्टिकचा खुळखुळा पातेल्यात गेला आणि बाहेर आला तो पापडासारखा चपटा. दाराच्या कड्या, पाळण्याची साखळी, टीव्हीचा रिमोट, सगळ्यावर आईचं फडकं फिरलं. नवरा हिंजवडीहून येताना फवारणीची बाटली घेऊन आला आणि तोही उत्साहानं सामील झाला. घरभर दवाखान्याचा वास.

संध्याकाळी आई घामाघूम होऊन पप्पांपुढं उभी राहिली. "झालं. आता ह्या घरात जंतू न्हाई. घ्या नातीला. मुका घ्या, काय घ्यायचं त्ये घ्या."

"न्हाई," पप्पा म्हणाले.

"आवं, एवढं उकळलं मी!"

"माझं थोबाड उकळलं का?"

मला हसू आवरेना. आई फणफणत आत गेली. मला खरंच कळत नव्हतं की दोघांत बरोबर कोण. आईचं म्हणणं, स्वच्छता केली की सगळं जातं. पप्पांचं म्हणणं, दूर राहिलं की सगळं टळतं. आई कपबशी मांडणीवर ठेवायची आणि थोड्या वेळानं ती परत खिडकीत दिसायची. दिवसभर त्या एका कपबशीची घरातल्या घरात फेरी चाललेली.

मग बाळाच्या गालावर लाल पुरळ आलं.

सकाळी तिला अंघोळ घालताना आईला दिसलं. डाव्या गालावर तीन-चार लाल ठिपके, मधे पांढरट टोक. आईनं तिला टॉवेलात गुंडाळलं आणि मला हाक मारली, ती नेहमीच्या आवाजात नव्हती. मी धावत येऊन पाहिलं. पप्पा दारातून बघत होते. त्यांनी भिंतीला हात टेकला.

"मी दवाखान्यात मुका घेतला हुता," ते म्हणाले. "कपाळाला. तवा ओठ चुरचुरत हुता माझा. मला वाटलं उन्हानं."

नवऱ्यानं गाडी काढली. मी बाळाला घेऊन मागं, शेजारी आई, पुढं पप्पा. तोंडाला रुमाल आणि नजर समोर. पिरंगुटला बाळांच्या डॉक्टर बसतात. पौड ते पिरंगुट रस्ता काही लांब नाही, पण सकाळच्या वेळी कंपन्यांचे ट्रक आणि बसगाड्या, गाडी हलायची नाही. पप्पांनी काच खाली केली, रुमाल काढला, आणि अख्खं डोकं बाहेर काढून ओरडले, "आवं ट्रकवालं, डावीकडं घ्या! डावीकडं! लेकरू हाय गाडीत!" ट्रक खरंच डावीकडे सरकला. मग पुढचाही. पप्पा पूर्ण रस्ताभर तसेच ओरडत होते आणि आमची गाडी त्या आवाजामागून वाट काढत चालली होती.

डॉक्टर चाळिशीच्या बाई होत्या, शांत. त्यांनी बाळाला दिव्याखाली घेतलं, गाल नीट पाहिला, तोंडात पाहिलं, डोळे पाहिले, ताप पाहिला. दूध नीट पितेय का, झोपून उठल्यावर चुणचुणीत असते का, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "हे जन्मानंतर बऱ्याच बाळांना उठतं. आपोआप जातं. काही नाही हे."

आई मटकन खुर्चीत बसली. मी रडायला लागले. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आणि दाराबाहेरून पप्पांचा आवाज आला, "काय म्हणल्या? काय म्हणल्या त्या?"

"ते कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिचा आजा. जर फुटलाय, म्हणून आत येत नाहीत."

"या आत," डॉक्टर म्हणाल्या. "खोलीत आल्यानं काही होत नाही."

पप्पा आले. डॉक्टरांनी रुमाल काढायला लावला, ओठ पाहिला. पप्पांनी एका दमात सगळं सांगून टाकलं: कपाळाचा मुका, ओठाची चुरचुर, खिडकीतली कपबशी, भिताडावरच्या जाहिराती. शेवटी मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, मी बाहेरख्याली माणूस न्हाई."

डॉक्टर हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची कायमची आभारी आहे. त्या म्हणाल्या, "काका, हा ओठावरचा जर आपल्याकडे घरोघर असतो. बहुतेकांना लहानपणीच लागतो, कुणाच्या तरी लाडातून. एकदा अंगात शिरला की आत झोपून राहतो. दगदग झाली, ताप आला, ऊन लागलं की परत वर येतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आणि नागीण ती वेगळीच."

पप्पांनी श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू गेला.

मग आईनं तिचा प्रश्न काढला. तो तिनं रस्ताभर जपून आणला असावा. "मॅडम, मी समदी भांडी उकळली. टॉवेल उकळलं. दाराच्या कड्या पुसल्या. मंग आता ह्यांच्यापास्नं लेकराला काय हुणार न्हाई ना?"

"भांडी उकळायची गरज नव्हती," डॉक्टर म्हणाल्या. "साबण लावून नीट धुतली की पुरे. हा विषाणू कपावर, ताटावर फार तग धरत नाही, साबणानं तर मरतोच. फोड ओला आहे तोवर त्यांचं उष्टं कुणी खायचं-प्यायचं नाही. टॉवेल, रुमाल, मलमाची ट्यूब, दाढीचं सामान ज्याचं त्याचं. एवढंच. धुतल्यावर कप वेगळा ठेवायची काही गरज नाही."

"ऐकलं?" आई पप्पांकडे वळली. "ऐकलं का? येगळा ठेवायची गरज न्हाई!"

"थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "पुढचं ऐका. तुम्ही घरातली प्रत्येक वस्तू घासली आणि त्याच ओठांनी बाळाचा मुका घेतला, तर सगळं घासणं वाया. हा वस्तूंवरून क्वचित पसरतो. पसरतो तो अंगाला अंग लागून. ओठातून, लाळेतून, फोडाला लावलेला हात तसाच बाळाला लावला तर त्यातून. मोठ्या माणसाला एक फोड येऊन जाईल, पण एवढ्या लहान बाळाला जिवावर बेतू शकतं. काकांनी दूर राहून शहाणपणाच केला."

"ऐकलं?" आता पप्पा आईकडे वळले. "मुका न्हाई!"

"मी काय म्हणलं हुतं? कपाचं म्हणलं हुतं मी!"

"आन मी मुक्याचं म्हणलं हुतं!"

डॉक्टरांनी मला विचारलं, मला कधी असा जर आला होता का. कॉलेजात असताना दर परीक्षेला यायचा, मी सांगितलं. मग बाळाला माझ्याकडून थोडं संरक्षण मिळालेलं असेल, त्या म्हणाल्या, पण त्यावर विसंबायचं नाही. पुढचे काही आठवडे डोळ्यात तेल घालून बघा. ताप आला, दूध ओढेनाशी झाली, सुस्त पडली, अंगावर पाण्याचे फोड दिसले, तर घड्याळ न बघता मोठ्या दवाखान्यात जायचं. पप्पांना त्यांनी मलम दिलं आणि सांगितलं, "हात धुऊन बाळाला मांडीवर घ्या. तोंडाला रुमाल ठेवा. फोडाला हात लावू नका. फक्त ओठ लावायचे नाहीत, खपली पडून कातडी साफ होईपर्यंत."

"मांडीवर घिऊ?" पप्पा म्हणाले. "आत्ता?"

तिथंच, दवाखान्याच्या मोरीत, पप्पांनी कोपरापर्यंत हात धुतले. इतका साबण लावला की डॉक्टरांना म्हणावं लागलं, "काका, ऑपरेशन नाही करायचं." मग ते बाकावर बसले, मांडी जुळवली, आणि मी मुलीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. ती झोपलेली होती. पप्पा हलले नाहीत. त्यांच्या रुमालावर डोळ्यातलं पाणी टिपकत होतं आणि ते पुसायला हात वर न्यावा तर हात खराब होईल, म्हणून तसेच बसून राहिले. शेवटी आईनं पदरानं पुसलं.

परतीच्या वाटेवर दोघं पौड येईपर्यंत भांडत होते की डॉक्टरांनी कुणाची बाजू घेतली. इतकं आनंदानं भांडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घरी पोचल्यावर आई आधी मागच्या खोलीत गेली. कपबशी उचलली, साबणानं धुतली आणि मांडणीवर बाकीच्यांत मिसळली. त्या दुपारचा चहा आम्ही प्यालो तेव्हा पप्पांच्या वाट्याला त्यातली कोणती आली ते कुणालाच सांगता आलं नसतं.

नामकरण पुढच्या रविवारी होतं. कोळवणहून जीप भरून माणसं येणार, लातूरहून सासरची येणार, हिंजवडीचे आमचे सहकारी येणार. आणि बाळ बघायला आलेलं माणूस काय करतं? आधी गाल ओढतं, मग मुका घेतं.  कुणाकुणाला सांगणार? कसं सांगणार? आपल्याकडे बाळाचा मुका घेऊ नका म्हणणं म्हणजे घरी येऊ नका म्हणण्यासारखंच.

"त्ये माझ्यावर सोड," पप्पा म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी पांढरा सदरा घातला, तोंडाला पांढराच रुमाल बांधला आणि पाळण्याच्या खोलीच्या दारात उभे राहिले. दाराबाहेर स्टुलावर पाण्याची बादली, साबण, तांब्या. आणि आवाज सुरू झाला. "एकेक जण! हात धुवा, आत चला! डोळं भरून बघा, मुका न्हाई! झालं? पुढच्या दारानं उतरा! चला, मागचं, पुढं सरका!" लोक आधी बुचकळ्यात पडले आणि मग हसत हसत रांगेला लागले. माझ्या सासूबाई सुद्धा मुकाट्यानं हात धुऊन आत आल्या.

सगळं नीट चाललं होतं, तोवर आत्या आली.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. कोळवणला असते, भाताची लावणी करून करून कंबर वाकलेली, पण जीभ सरळ. पप्पांना तिनंच वाढवलं. ती रांगेत थांबली नाही, बादलीकडे बघितलंही नाही. पप्पांच्या काखेखालून आत शिरली आणि बाळावर ओणवली. मी पाहिलं, तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर हळदीचा लेप होता. हळदीखाली ओला फोड.

"अक्का, थांब!"

असा आवाज, की बाहेर मांडवात खुर्च्या लावणारे थांबले. आत्या जागीच थबकली. हळूहळू वळली.

"का रं? माझा इटाळ हुतोय का तुझ्या नातीला?"

 तो शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. आई स्वयंपाकघरातून धावत आली. मला वाटलं, संपलं, आत्या आता जीप बोलावून निघून जाणार.

पप्पांनी रुमाल सोडला. खपली धरलेला ओठ सगळ्यांसमोर उघडा. सासरची माणसं, शेजारी, माझ्या ऑफिसातली माणसं, सगळे बघत होते.

"मला बी हाय, अक्का. बघ," ते म्हणाले. "ह्याला हर्पिस म्हणत्यात. तुझ्यापास्नंच आला असंल मला ल्हानपणी, लई मुकं घ्यायचीस तू माझं. आपल्याला त्यानं काय हुत न्हाई. पर ह्या एवढ्याशा जिवाला झेपत न्हाई त्ये. मी तिचा आजा हाय, पर मी बी तिला ओठ लावत न्हाई. हात धू, बस, मांडीवर घे. लागंल तेवढा येळ घे. फकस्त मुका नगं."

आत्या त्यांच्या ओठाकडे बघत राहिली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मला पण येतो हा, दर थंडीत." ती माझ्या टीममधली मुलगी होती. सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला बी येतंय की. आमच्याकडं बी जरच म्हणतेत." एकेक करून खोलीतली निम्मी माणसं आपापला जर सांगायला लागली. जणू गावचं कुणीतरी ओळखीचं भेटावं तशी.

आत्यानं हात धुतले. पदर तोंडावर धरून बसली आणि बाळाला मांडीवर घेतलं.  मग एकदम, पदराआडूनच, तिनं पाळणा धरला, जागच्या जागी रचून:

"आजा उभा गं दारात, गाडी आडवून धरी,
मुका मागंल त्याला म्हणं, उतर खाली, जा घरी,
जो बाळा जो जो रे जो."

मांडवापर्यंत हशा पिकला. बायकांनी ताल धरला, आत्याला चेव आला, आणि ती रचतच गेली: आईचं पातेलं, चपटा झालेला खुळखुळा, जावयाची फवारणी, काहीच सोडलं नाही. हे सगळं तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. त्यानंतर बुद्धवंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवून माझ्या मुलीचं नाव ऐकलं. त्या आवाजानं ती दचकून जागी झाली आणि असं रडायला लागली की पप्पा म्हणाले, "आवाज बघा! ही तिकिटं फाडणार!"

पुढचे काही आठवडे आम्ही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोळ्यात तेल घालून पाहिलं. ताप आला नाही, फोड आले नाहीत, दूध ओढणं तर वाढतच गेलं. पप्पांची खपली पडली. तरी ते थांबले. खाली नवी कातडी आली, तरी थांबले. आई म्हणाली, "आता घ्या की." ते म्हणाले, "मॅडमनं बघू दे आधी."

लसीच्या वेळी आम्ही सगळे पिरंगुटला गेलो. डॉक्टरांनी बाळाला तपासलं, वजन चांगलं वाढलंय म्हणाल्या. मग पप्पांचा ओठ पाहिला, बोटानं खालचा ओठ ओढून दिव्यात पाहिला. "साफ आहे, काका. तोंडाचा आणि हातांचा मुका नको, ती हात चोखते. डोक्यावर घ्या."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. सकाळी ते घोटून दाढी करून आले होते. त्यांनी नातीला उचललं, सांभाळून, एक हात मानेखाली, आणि तिच्या जावळावर ओठ टेकवले. टेकवूनच ठेवले. लस टोचलेली, हमसून रडणारी ती पोर एकदम गप्प झाली आणि तिनं हात वर करून त्यांच्या मिशीचा झुपका मुठीत पकडला.

"आय आय आय," पप्पा ओरडले, "आगं सोड, सोड!" पण मान मागं घेईनात.

बाहेर रांगेतल्या आया उठून दारातून डोकावायला लागल्या. आई हसून हसून खुर्चीला रेलली होती. मूठ काही सुटेना. डॉक्टर म्हणाल्या, "काका, पुढचं बाळ आत येऊ द्या." तसे पप्पा मिशी नातीच्या मुठीत तशीच ठेवून, वाकल्या वाकल्या, बाजूबाजूनं चालत बाहेर आले आणि तिथल्या प्रत्येक अनोळखी आईला सांगत सुटले, "माझी नात हाय! माझी नात हाय ही!"